समोरच्या दाराचं कर्ज

सरांनी आजवर शेकडो लोकांना गाडी मागे घ्यायला शिकवलं होतं. अरुंद गल्लीतून, चढावर, मागे भिंत आणि पुढे कुत्रं असताना. पण स्वतः कर्जात शिरल्यावर तिथून मागे कसं यायचं, ते मात्र त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

हे सर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे सर. वर्षानुवर्षं शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून त्याचा आणि रस्त्यावरच्या लोकांचा जीव वाचवल्यामुळे ही पदवी त्यांना कुणी न देताच मिळाली होती. शिकवायच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक असायचा. त्या ब्रेकची सवय इतकी, की घरात बसल्याबसल्या काही धोक्याचं कानावर आलं तरी त्यांचा उजवा पाय जमिनीवर दाबला जायचा. जेवताना बायको नुसतं "अहो, जरा बोलायचं होतं" म्हणाली, की पाय खाली गेलाच.

कर्ज कसं झालं ते विचारू नका. ज्यांना झालंय त्यांना ते ठाऊक आहे, आणि ज्यांना झालेलं नाही ते "पण तेव्हाच विचार करायला नको का?" एवढंच म्हणतात. इतकं सांगितलं म्हणजे पुरे, की चारपाच ठिकाणची देणी एकत्र करून तडजोड कार्यालयाने सरांना एकच हप्ता बांधून दिला होता. हप्ता पाच वर्षांचा, आणि पाच वर्षं संसारावर नजर ठेवायला एक मॅडम. मॅडम वाईट नव्हत्या. फक्त त्यांना सगळं विचारायची सवय होती. "या महिन्यात साबण जास्त लागला?" सरांची बायको म्हणायची, "पाहुणे आले होते." त्यावर मॅडम शांतपणे म्हणायच्या, "पाहुण्यांचं आधी कळवत चला." आणि अट अशी, की तडजोड संपेपर्यंत, देणी फेडण्यासाठी सोडून, सरांनी कुठल्याही नव्या करारावर सही करायची नाही.

त्या अटीचं सरांना तसं काही वाटत नव्हतं. त्यांच्याशी करार करायला कुणी रांग लावून उभं नव्हतं. पण एक दिवस स्कूलच्या मालकांनी त्यांना बोलावलं आणि टेबलावरची गाडीची चावी गोल गोल फिरवत म्हणाले, "सर, मी आता थकलो. स्कूल तुम्ही घ्या. पैसे सावकाश द्या, पण करारावर सही महिनाअखेर व्हायला हवी."

"आणि नाही झाली तर?"

"तर भाच्याला देऊन टाकतो. तोही मागतोय."

सरांचा पाय जमिनीत रुतला. मालकांचा भाचा हा सरांचाच विद्यार्थी. चौकात गाडी बंद पडली की स्टिअरिंग सोडून दोन्ही हात वर करणारा. पहिल्या परीक्षेत त्याने गाडी परीक्षकांच्या कार्यालयाच्या पायऱ्यांवर चढवली होती, आणि उतरल्यावर सरांना म्हणाला होता, "तुम्ही ब्रेक उशिरा दाबलात." उद्या हा मालक होणार आणि सरांनी त्याला "येऊ का साहेब?" म्हणून विचारायचं. कर्ज माणूस सहन करतो. हे नाही सहन होत.

तेव्हा ठरलं असं, की घर पुन्हा गहाण टाकायचं. घरावर जुनं थोडं कर्ज होतंच. नवी बँक ते स्वतःकडे घेणार, वर आणखी रक्कम देणार, त्यातून तडजोडीचे उरलेले सगळे हप्ते एकदम भरायचे, मॅडमचा निरोप घ्यायचा आणि मोकळ्या हाताने स्कूलच्या करारावर सही करायची. ऐकायला अगदी सरळ रस्ता होता. सरळ रस्त्यावरच माणसाचा डोळा लागतो, हे सर विद्यार्थ्यांना रोज सांगायचे.

ही बातमी समोरच्या काकांना कळायला वेळ लागला नाही, कारण काकांचं दार सरांच्या दाराच्या बरोबर समोर होतं आणि ते बहुधा उघडंच असायचं. काका वजनमापं खात्यातून निवृत्त झालेले. नीटनेटके इतके, की त्यांच्या पायपुसण्याच्या कडा भिंतीला समांतर असायच्या. त्यांनी दोन वर्षांपूर्वी बाथरूम नवी करून घेतली होती. खालपासून वरपर्यंत निळ्या टाइल्स, त्याच निळ्या रंगाची बादली, आणि पाणी आपोआप उताराने जाईल अशी फरशी. घरी येणाऱ्याला चहाच्या आधी बाथरूम दाखवली जायची.

"पुन्हा गहाण?" काका म्हणाले. "सर, तुम्ही रागावू नका, पण आमच्याकडे बघा. या घरावर एका पैशाचं कर्ज नाही. रात्री कशी शांत झोप लागते."

"तुम्ही दुपारीही झोपता," काकू आतून म्हणाल्या.

"तेही त्यामुळेच," काका म्हणाले.

ठरलेल्या दिवशी बँकेचा मोजणीवाला आला. घराची किंमत ठरवणारा हा माणूस, त्याच्यासाठी सरांच्या बायकोने सकाळपासून घर पुसून काढलं होतं. तो आला तो शिंकतच. त्याने पडद्यांकडे पाहिलं नाही, फुलदाणीकडे पाहिलं नाही. बैठकीच्या मधोमध उभा राहून त्याने घराचा नकाशा उघडला, उलटा केला, परत सुलटा केला, आणि शेवटी नकाशा तसाच धरून स्वतःच उलटा वळून उभा राहिला.

"स्वयंपाकघर डावीकडे पाहिजे," तो म्हणाला.

"पहिल्यापासून उजवीकडेच आहे," सरांची बायको म्हणाली.

"खिडकीतून टाकी दिसायला हवी."

"ती समोरच्यांच्या खिडकीतून दिसते."

मोजणीवाला एकदा शिंकला, त्याने जिन्याच्या पलीकडे काकांच्या दाराकडे पाहिलं आणि अगदी सहज म्हणाला, "मग तुमचं घर ते आहे. हे त्यांचं."

असल्या गोष्टी खरं तर कुणीतरी कुजबुजत सांगायला हव्यात. काका दारात पेपर वाचत होते. पेपर हळूहळू खाली आला.

मग जुन्या आठवणी निघाल्या. इमारत नवी होती तेव्हा दोन्ही कुटुंबं एकाच दिवशी राहायला आली होती. हमालांनी सामान भलत्याच घरात टाकलं. सगळे इतके दमले होते, की काकाच म्हणाले होते, "खोल्या सारख्याच आहेत, आता कुठे उचलाउचल करता. राहू द्या, नंतर बघू." दारांवर तेव्हा नंबर नव्हते. पुढच्या आठवड्यात काकांनीच स्वखर्चाने दोन सुंदर पितळी पाट्या करून आणल्या, आणि जो जिथे राहतो त्याच्या दारावर त्याच्या कागदावरचा नंबर लावला. तेव्हापासून पत्रं, बिलं, पाहुणे सगळे त्या पाट्या पाहून येत गेले आणि कधी कुणाचं अडलं नाही. नीटनेटक्या माणसाने केलेली चूक अशीच टिकते.

"म्हणजे," काकू हिशेब लावत म्हणाल्या, "कागदावर हे आमचं घर सरांचं."

"हो," मोजणीवाला म्हणाला.

"आणि सरांचं घर कर्जात."

"हो."

काकूंनी काकांकडे पाहिलं. "मग इतकी वर्षं झोप कसली लागत होती तुम्हाला?"

 काका आत गेले आणि बाथरूमचा दिवा लावून थोडा वेळ नुसते दारात उभे राहिले.

सर दुसऱ्या दिवशी मॅडमकडे गेले. मॅडमपुढे मोजणीवाल्याचा अहवाल आधीच येऊन पडला होता. मोजणीवाला जाताजाता काकांच्या घरातही डोकावून गेला होता आणि त्याने प्रामाणिकपणे सगळं लिहिलं होतं.

"तडजोड चालू असताना निळ्या टाइल्स?" मॅडमनी विचारलं.

"त्या समोरच्यांनी बसवल्यात."

"समोरच्यांनी तुमच्या घरात टाइल्स का बसवाव्या?"

"त्यांना ते त्यांचं घर वाटत होतं."

"आणि तुम्ही अडवलं नाही."

"मलाही ते त्यांचंच वाटत होतं," सर म्हणाले. बाहेर बसलेल्या दोन माणसांनी मान आत वळवली. सरांना शाळेतल्यासारखं उभं राहावं लागलं होतं, कारण खुर्चीवर फायली होत्या.

मग अडचण नीट समजली. बँक म्हणत होती, कागद आणि राहणारी माणसं जुळवून आणा, मगच पैसे. कागद दुरुस्त करायचे तर दोन्ही घरांची अदलाबदल नोंदवायला हवी. पण तडजोडीतलं घर बदलायला मॅडमची परवानगी हवी. मॅडम म्हणत होत्या, देणी फिटल्याशिवाय परवानगी देता येत नाही. आणि देणी फिटणार ती बँकेच्या पैशातून. सरांनी घरी येऊन बायकोला हे हाताने गोल काढून दाखवलं. "असा चौक आहे. आत यायला चार रस्ते, बाहेर जायला एकही नाही. असल्या चौकात माणसाने काय करायचं?"

बायको भांडी लावत होती. तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं. "कागद हलत नसतील तर आपण हलू," ती म्हणाली. "दार समोरच आहे."

काकांनी सपशेल नकार दिला. नाही म्हणजे नाही. मग काकूंनी त्यांना आत नेलं. आतून बराच वेळ फक्त काकूंचाच आवाज येत होता. त्यातलं "उद्या यांचा हप्ता चुकला तर आपल्या स्वयंपाकघराचा लिलाव होईल" हे वाक्य सगळ्या जिन्याला ऐकू गेलं. काका बाहेर आले ते निम्मे झालेले होते.

"ठीक आहे," ते म्हणाले. "पण बाथरूम?"

"ती घरासोबत जाते," सर अपराधी चेहऱ्याने म्हणाले.

"मला तो निळा रंग तसाही कधी आवडला नाही," काकू म्हणाल्या. काकांना त्या दिवशी बसलेला हा दुसरा धक्का, आणि जाणते लोक सांगतात की तो पहिल्यापेक्षा मोठा होता.

रविवारी अदलाबदल झाली. दोन संसार एका जिन्याच्या तुकड्यावर एकाच वेळी बाहेर आले. इमारतीतले सगळे मदतीला आले, म्हणजे कठड्याला टेकून उभे राहिले. "पलंग उभा करा," "पलंग आडवा करा," "पलंग उघडा," असे तीन सल्ले तिसऱ्या मजल्यावरून आले आणि पलंगाने तिन्ही ऐकले, म्हणून त्याचा एक पाय शेवटपर्यंत सापडला नाही. काकांच्या घराचं थर्मामीटर सरांच्या घरी गेलं आणि सरांची जुनी डिक्शनरी काकांच्या फ्रीजमध्ये निघाली. काकांचं मोठं लाकडी कपाट मात्र खोलीतच बनवलेलं असल्यामुळे दारातून बाहेर येईना. सर गाडी शिकवतात तसे समोर उभे राहून हाताने खुणा करत होते. "डावीकडे काटा. अजून. थांबा. आता सरळ." शेवटी त्यांचा पाय दाबला गेला आणि कपाट दारात अडकलं. ते परत आत ढकलण्यात आलं. कपाट तिथेच राहिलं, आणि त्यातले काकांचे कपडेही.

शेवटी काकांनी स्वतः स्क्रूड्रायव्हर घेऊन दोन्ही पाट्या काढल्या आणि अदलाबदल करून लावल्या. पातळी बघायला त्यांनी पाण्याची बाटली आडवी धरली होती.

मोजणीवाला दुसऱ्यांदा आला तेव्हा महिना संपायला दोनच दिवस उरले होते. या वेळी नकाशा जुळला. स्वयंपाकघर डावीकडे, खिडकीत टाकी. मोजणीवाल्याची सर्दीही बरी झाली होती. तो समाधानाने मान हलवत होता, सर त्याच्यामागे हात बांधून फिरत होते, आणि तेवढ्यात बाथरूमचं दार उघडून काका बाहेर आले. कमरेला टॉवेल, केस ओले, चेहरा ताजातवाना.

 सरांनी जमिनीवर ब्रेक दाबला, पण काका थांबले नाहीत. ते सरळ कपाटाकडे गेले.

"हे कोण?" मोजणीवाल्याने विचारलं.

"आमचे मोठे भाऊजी," सरांची बायको एका दमात म्हणाली.

ते तिथेच निभावलं असतं. पण काका आयुष्यभर वजनमापं खात्यात होते, आणि खोटं वजन त्यांना कधी बघवलं नाही. "मी समोर राहतो," ते शर्ट शोधत म्हणाले. "इथे फक्त आंघोळीला येतो."

"का?"

"कारण बाथरूम माझी आहे."

मोजणीवाल्याने पेन काढलं. त्याने काहीतरी लिहिलं आणि म्हणाला, "मग बँक पैसे देणार नाही. घरात दुसऱ्याचा हक्क असेल तर त्याने तो सोडल्याचं लिहून द्यायला लागतं. तुम्ही लिहून द्या, की बाथरूमवर माझा काही हक्क नाही."

"ते मी देणार नाही," काका म्हणाले.

"अहो काका," सरांची बायको म्हणाली.

"फरशीचा उतार मी स्वतः मोजून घेतलाय, सूनबाई. गवंडी तीन वेळा पळून गेला होता." काका टॉवेल घट्ट करून पलंगावर बसले. पलंग तीन पायांचा होता, त्यामुळे ते हळूहळू एका बाजूला कलले. "लोक म्हणतात बाथरूम काय, चार भिंती. पण माणसाने आयुष्यात एक तरी गोष्ट अगदी मनासारखी केलेली असावी."

सर त्यांच्याजवळ जाऊन बसले, त्यामुळे पलंग सरळ झाला. त्यांनी खूप सल्ले ऐकले होते आणि काकांना द्यावा असा एकही सल्ला त्यांच्याकडे नव्हता. म्हणून जे होतं तेच त्यांनी सांगितलं.

"परवा मालक भाच्याला चावी देतील. मग मला त्याच्या हाताखाली काम करावं लागेल. मी त्याला गिअर टाकायला शिकवलंय, काका. त्याला अजून तिसरा सापडत नाही."

काकांनी ओल्या केसांतून हात फिरवला. मग म्हणाले, "माझी शेवटची सगळी वर्षं अशीच गेली. मी ज्याला तराजू धरायला शिकवलं तोच माझा साहेब झाला. रोज सकाळी तो मला विचारायचा, 'आज उशीर का झाला?' आणि मी तर कार्यालयाचा दरवाजा उघडायच्या आधीच आलेलो असायचो." ते उठले, पलंग पुन्हा कलला आणि सर जवळजवळ खाली आले. "काय लिहायचं ते सांगा."

मोजणीवाल्याने सांगितलं. काकांनी टॉवेल गुंडाळलेल्या अवस्थेतच, टेबलावर वाकून, सुवाच्य अक्षरात लिहिलं की सदर बाथरूमवर माझा कोणताही हक्क नाही, आणि मी तिथे केवळ पाहुणा म्हणून आंघोळ करतो. शेवटचं वाक्य त्यांनी स्वतःच्या मनाने घातलं आणि खोडायला ठाम नकार दिला. मोजणीवाल्यानेही आग्रह धरला नाही. जाताना तो क्षणभर बाथरूममध्ये डोकावला आणि म्हणाला, "उतार मात्र छान आहे." काकांचे डोळे भरून आले.

बँकेने पैसे दिले. तडजोड वेळेआधी बंद झाली. मॅडमनी सरांना सुटल्याचा दाखला दिला आणि पहिल्यांदाच खुर्चीवरच्या फायली उचलून बसायला सांगितलं. महिनाअखेरीला सरांनी स्कूलच्या करारावर सही केली. मालकांनी चावी त्यांच्या हातात ठेवली. भाचा बाजूला उभा होता. त्याने विचारलं, "माझी नोकरी राहील ना सर?" सर म्हणाले, "राहील. पण आधी तिसरा गिअर."

आता घरांचं काय, असं तुम्ही विचाराल. काकांनीही विचारलं. बँक म्हणाली, आमचं कर्ज पूर्ण फिटेपर्यंत अदलाबदल नाही. म्हणजे काकांना बाथरूम परत मिळायची ती स्कूल नीट चालली तर, आणि जितकी जोरात चालेल तितकी लवकर.

काकांनी हे ऐकलं आणि त्याच संध्याकाळी कामाला लागले. आधी त्यांनी इमारतीतल्या सगळ्या दारांवर टकटक केली. मग पलीकडची इमारत. वजनमापं खात्यातले जुने सोबती शोधून काढले, त्यांच्या सुना आणल्या, जावई आणले. गाडी शिकणं माणसाच्या तब्येतीला किती चांगलं, यावर ते जिन्यात भाषण द्यायचे. काकूंनी दोनदा पाय दुखतात म्हणून पाहिलं, पण त्यांचंही नाव घातलं गेलं. आणि सगळ्यात वर, पहिल्या नंबरला, स्वतः काका.

काकांनी गाडी शिकायला सुरुवात केली तेव्हा त्यांना क्लच म्हणजे काय ते माहीत नव्हतं. पण नीटनेटका माणूस. महिन्याभरात ते गाडी अशी चालवू लागले, की बाटली आडवी ठेवली तर पाणी हलू नये. सरांनी एक दिवस चौक ओलांडल्यावर समाधानाने मान हलवली. "काका, झालं. आता तुम्ही परीक्षेला बसा. पास व्हाल."

काकांनी गाडी बाजूला घेतली, इंडिकेटर देऊन, आरशात बघून, फूटपाथला अगदी समांतर. इंजिन बंद केलं. दोन्ही हात मात्र स्टिअरिंगवर तसेच ठेवले.

"सर," ते म्हणाले, "नापास झालो तर स्कूलची पुन्हा पूर्ण फी भरावी लागते ना?"

"लागते."

"मग परीक्षकांच्या त्या पायऱ्या कुठे आहेत, तेवढ्या एकदा दाखवून ठेवा."